‘लसीनंतर’ की ‘लसीमुळे’? कावीळ, लस आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिसची गोष्ट

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक प्रश्न सारखा कानावर येतो. “डॉक्टर, हे कोविडच्या लसीमुळे तर झालं नाही ना?” गुडघे दुखत असोत, केस गळत असोत, नाहीतर साखर वाढलेली असो, संशय लसीवरच जातो. बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. पण यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, एक आजार असा आहे की त्याच्या बाबतीत “छे, काहीतरीच काय!” असं म्हणून तुमचा प्रश्न उडवून लावता येत नाही. त्या आजाराचं नाव ऑटोइम्यून हिपॅटायटिस. आपल्याच प्रतिकारशक्तीने आपल्याच यकृतावर केलेला हल्ला.

लस घेतल्यावर असा आजार होऊ शकतो का? थोडक्यात उत्तर असं: त्याच्यासारखा दिसणारा यकृतदाह होऊ शकतो, पण अतिशय क्वचित. आणि लसीनंतर झालेला प्रत्येक यकृतदाह लसीमुळे झालेला नसतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण सगळेच जाणतो. अडचण एवढीच की कधीकधी फांदी खरोखर कावळ्याच्या वजनानेच मोडते. मग ओळखायचं कसं? ‘नंतर’ आणि ‘मुळे’ हे दोन शब्द वेगळे करायला डॉक्टरांना काय काय करावं लागलं, याची ही गोष्ट आहे. ती कोविडच्या कितीतरी आधी सुरू होते.

ब्रेमेनचे कामगार

१८८३ साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात देवीची साथ आली. तिथल्या एका जहाजबांधणी कारखान्यात १२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. तेव्हाची लस आजच्यासारखी बाटलीत बंद, तपासून आलेली नसे. एखाद्याला लस टोचली की त्याच्या दंडावर फोड यायचा, आणि त्या फोडातला स्राव, ज्याला लिंफ म्हणत, तोच पुढच्या माणसाला टोचला जायचा. आपल्याकडेही लस अशीच आली. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. ती बगदाद-बसरामार्गे एका दंडावरून दुसऱ्या दंडावर असा प्रवास करत मुंबईपर्यंत पोहोचली होती. ब्रेमेनमध्ये वापरलेलं लिंफही माणसांच्याच अंगातलं होतं, फक्त ग्लिसरीनमध्ये मिसळून ठेवलेलं.

पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत त्या १२८९ पैकी १९१ कामगारांना कावीळ झाली. सातांत एक! ल्यूरमान नावाच्या डॉक्टरांनी याचा छडा लावायचं ठरवलं आणि १८८५ साली आपला अभ्यास छापला. पाणी, अन्न, कामाची जागा, सगळं तपासून झालं. मग त्यांनी एक साधी पण फार हुशारीची गोष्ट केली. कावीळ कोणाला झाली एवढंच न पाहता, कोणाला झाली नाही हेही पाहिलं. त्याच कारखान्यात, तेच पाणी पिणारे, तेच काम करणारे, पण वेगळ्या लिंफने टोचलेले कामगार ठणठणीत होते. म्हणजे दोष ‘लस टोचणं’ या क्रियेत नव्हता, त्या विशिष्ट लिंफमध्ये काहीतरी होतं.

काय होतं, हे सांगणं तेव्हा शक्यच नव्हतं. विषाणू ही कल्पनाच अजून जन्माला आली नव्हती. आज आपण जवळपास खात्रीने म्हणू शकतो की ज्या कोणाच्या अंगातून ते लिंफ काढलं, त्यांच्यापैकी कोणाच्या तरी रक्तात हिपॅटायटिस बी होता. पण ल्यूरमान यांची पद्धत ध्यानात ठेवा, कारण पुढे आपल्याला तीच लागणार आहे.

१९४२: लस, सैन्य आणि कावीळ

दुसरं महायुद्ध. अमेरिकन सैनिक उष्ण कटिबंधात जाणार, तिथे पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर. त्यावर मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये उत्तम लस तयार केली होती, ज्यासाठी त्यांना पुढे १९५१ चं नोबेल मिळालं. लसीतला विषाणू नाजूक, म्हणून तो टिकावा यासाठी लसीत माणसांच्या रक्तातलं सीरम मिसळत. आणि घात तिथेच झाला.

१९४२ मध्ये सुमारे ५० हजार अमेरिकन सैनिक कावीळ होऊन रुग्णालयात दाखल झाले. युद्ध ऐन भरात असताना! लक्षात घ्या, पूर्वसूचना मिळालेली होती. १९३७ मध्येच फिंडले आणि मॅकॅलम या इंग्लंडमधल्या संशोधकांनी पीतज्वराच्या लसीनंतर काही जणांना दोन-तीन महिन्यांनी कावीळ होते, असं लिहून ठेवलं होतं. तरी सीरम वापरणं चालूच राहिलं. (सूचना मिळूनही दुर्लक्ष होणं, हा वैद्यकाच्या इतिहासातला काही अपवाद नव्हे.) अखेर १९४२ मध्येच सीरमविरहित लस आली आणि कावीळ थांबली.

खरा पुरावा मात्र मिळाला १९८७ मध्ये. तोवर हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी उपलब्ध झाली होती. संशोधकांनी त्या जुन्या, आता म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांना शोधून काढलं आणि त्यांचे तीन गट केले: लस घेऊन कावीळ झालेले, तीच लस घेऊनही आजारी न पडलेले, आणि नंतरची सीरमविरहित लस घेतलेले. हिपॅटायटिस बी होऊन गेल्याची खूण पहिल्या गटात ९७ टक्के, दुसऱ्यात ७६ टक्के आणि तिसऱ्यात फक्त १३ टक्के लोकांच्या रक्तात सापडली. या हिशेबाने तीन लाखांहून जास्त सैनिकांना लसीतून हा विषाणू गेला असावा. पंचेचाळीस वर्षांनी ‘नंतर’चं ‘मुळे’ झालं!

या दोन्ही गोष्टींत यकृताला झालेली इजा खरी होती आणि ती लसीतूनच आली होती. पण ती लसीतल्या घाणीमुळे, म्हणजे दुसऱ्याच विषाणूच्या भेसळीमुळे आली. आजच्या लसींमध्ये मानवी सीरम असं न तपासता घातलं जात नाही, त्यामुळे तो मार्ग बंद झाला आहे. मग प्रश्न उरतो दुसऱ्या मार्गाचा. लस अगदी शुद्ध आहे, पण तिने जागी केलेली प्रतिकारशक्तीच बिथरली तर?

शरीर स्वतःवरच उलटतं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख या मोठ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की शरीर स्वतःवर हल्ला करणं टाळतंच. तशी निसर्गाची व्यवस्थाच आहे. त्यांच्या शब्दाचं वजन एवढं होतं की पुढची काही दशकं बहुतेकांनी वेगळा विचारच केला नाही.

१९५० मध्ये स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी जर्मनीतल्या एका सभेत काही तरुण स्त्रियांच्या आजाराचं वर्णन केलं. यकृताला दीर्घकाळ सूज, कावीळ, पाळी बंद होणं, आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाची प्रथिनं प्रचंड वाढलेली. गॅमा ग्लोब्युलिन म्हणजे मुख्यतः प्रतिपिंडं, अँटीबॉडीज. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेन्री कुंकेल यांनाही असेच रुग्ण दिसले. विषाणूशी लढताना प्रतिपिंडं वाढतात हे ठीक, पण इतकी?

यानंतरची मजल ऑस्ट्रेलियात मारली गेली. मेलबर्नमध्ये अशा रुग्णांच्या रक्तात ‘एलई पेशी’ सापडल्या. ल्युपस या आजारात दिसणाऱ्या या पेशी, आणि ल्युपस म्हणजे शरीर स्वतःवर उलटण्याचा नमुनेदार आजार. १९५६ मध्ये इयान मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराला ‘ल्युपॉइड हिपॅटायटिस’ म्हटलं. १९६५ मध्ये मॅके यांनीच ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस’ हे नाव वापरलं, आणि तेच रूढ झालं.

नाव मिळालं, पण औषध? तोवर कॉर्टिसोन गटातली औषधं, म्हणजे आपण ज्यांना सरसकट ‘स्टेरॉइड’ म्हणतो ती, हाताशी आली होती. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये शीला शेरलॉक (यकृतविज्ञानातलं फार मोठं नाव) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ रुग्णांची चाचणी केली. २२ जणांना प्रेडनिसोलोन दिलं, २७ जणांना नाही. १९७१ मध्ये निकाल छापून आला: औषध घेणाऱ्या २२ पैकी ३ दगावले, न घेणाऱ्या २७ पैकी १५.

हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. स्टेरॉइडचं नाव काढलं की अनेक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक घाबरतात. घाबरण्यात तथ्य आहे. वजन वाढतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण या एका आजारात उपचार न करण्याची किंमत काय असते, ते त्या १५ माणसांनी दाखवून दिलं आहे. पुढे अझाथायोप्रिनची जोड मिळाली, त्यामुळे स्टेरॉइडचा डोस बराच कमी ठेवता येऊ लागला.

रेचकाच्या गोळ्यांनी शिकवलेला धडा

आता एक जरा आडवळणाची, पण माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट.

१९७० च्या आसपास काही देशांत बद्धकोष्ठावरच्या औषधांमध्ये ऑक्सीफेनिसॅटिन नावाचं रसायन असे. दुकानात सहज मिळणारी, निरुपद्रवी समजली जाणारी औषधं. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही स्त्रियांना यकृताचा असा दाह झाला, की रक्त तपासा, बायॉप्सी करा, सगळं हुबेहूब ल्युपॉइड हिपॅटायटिस! फरक एकच: गोळी बंद केली की यकृत सुधारायचं. गोळी पुन्हा सुरू केली की पुन्हा बिघडायचं. १९७१ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं आणि हळूहळू ते रसायन बाजारातून हद्दपार झालं.

यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, ऑटोइम्यून हिपॅटायटिसची हुबेहूब नक्कल करणारा आजार एखाद्या औषधाने होऊ शकतो. पुढे मुरुमांवर दिलं जाणारं मिनोसायक्लिन आणि लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन यांच्या बाबतीतही हेच दिसलं. दुसरी गोष्ट, ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतला फरक ओळखायची एक भक्कम खूण मिळाली: थांबवल्यावर बरं होणं आणि पुन्हा दिल्यावर पुन्हा होणं.

पण लसीच्या बाबतीत ही खूण वापरायची कशी? गोळी बंद करता येते. टोचलेली लस परत काढता येत नाही.

एका प्रश्नचिन्हाचं वर्ष

कोविडच्या आधीही तुरळक नोंदी होत्या. २००७ मध्ये हिपॅटायटिस एच्या लसीनंतर ऑटोइम्यून हिपॅटायटिस झालेला एक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात आला. गंमत अशी की खुद्द हिपॅटायटिस एच्या विषाणूवरही असाच आरोप होता: १९९१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या रुग्णांच्या नातेवाइकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यातल्या दोघांना हिपॅटायटिस एच्या संसर्गानंतर तो आजार सुरू झालेला दिसला. म्हणजे ज्यांच्यात मुळात तशी जनुकीय तयारी आहे, त्यांच्या बाबतीत प्रतिकारशक्ती खडबडून जागी करणारी कोणतीही गोष्ट, संसर्ग असो की औषध, ठिणगी ठरू शकते. लस वेगळी का असेल?

२०२१ मध्ये जगभर एकाच वेळी कोट्यवधी लोकांना लस मिळू लागली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ३५ वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणाला तीन महिने होत आले होते. फायझरची लस घेतल्यावर आठवड्याभरात अंगाला खाज सुटली, मग कावीळ. बायॉप्सीत ऑटोइम्यून हिपॅटायटिस. लेखाच्या शीर्षकातच लेखकांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं: लस हे कारण आहे, की नुसती एकत्र पडलेली गाठ? त्यांची शंका रास्त होती. गरोदरपणात प्रतिकारशक्ती थोडी नरमते आणि बाळंतपणानंतर ती उसळी घेते. ऑटोइम्यून हिपॅटायटिस या काळात डोकं वर काढतो हे आधीपासून माहीत होतं. तेव्हा दोष लसीचा की बाळंतपणाचा?

मग बार्सिलोना, झुरिक, मेलबर्न, सिंगापूर अशा ठिकाणांहून एकेका रुग्णाच्या नोंदी येऊ लागल्या. चेन्नईच्या डॉक्टरांनीही कोविशील्डनंतरच्या दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली एक स्त्री स्टेरॉइडने बरी झाली, दुसरे वयस्कर गृहस्थ मात्र वाचू शकले नाहीत. अशा नोंदी वाचून भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण थोडं थांबून आकडेमोड करू या.

युरोपातल्या आकडेवारीनुसार ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे नवे रुग्ण वर्षाला लाखात साधारण एक ते दोन निघतात. आपण लाखात एकच धरू. एक कोटी लोकांमध्ये वर्षाला १०० नवे रुग्ण झाले, म्हणजे महिन्याला आठेक. आता त्या एक कोटी लोकांना लस टोचा. लस म्हणजे नुसतं मीठ-पाणी असलं तरी, टोचल्यापासून महिन्याभरात त्यांच्यातल्या आठ जणांना हा आजार होणारच होता! भारतात २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटींचा टप्पा ओलांडला गेला. एवढ्या डोसांनंतर योगायोगाने आजारी पडलेले किती असतील, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

शिवाय हा आजार लबाड आहे. कित्येकांमध्ये तो वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता यकृत पोखरत राहतो. निदान होतं त्या दिवशीच जवळपास एक तृतीयांश रुग्णांचं यकृत आकसून कडक झालेलं, म्हणजे सिरोसिसपर्यंत गेलेलं असतं. सिरोसिस व्हायला वर्षं लागतात. लस घेऊन तीन आठवडे झाले आणि बायॉप्सीत सिरोसिस दिसला, तर तो आजार लसीने आणलेला नाही हे उघड आहे. फार तर लसीने झोपलेल्याला उठवलं असेल.

तर मग सगळा योगायोगच का? नाही. इंग्लंडमधून ४७ वर्षांच्या एका निरोगी पुरुषाची हकीकत आली. मॉडर्नाचा पहिला डोस, तीन दिवसांत कावीळ. ती आपोआप ओसरली. काही आठवड्यांनी दुसरा डोस, आणि काही दिवसांत पुन्हा कावीळ, आधीपेक्षा जास्त. रेचकाच्या गोळ्यांची गोष्ट आठवली का? पुन्हा दिल्यावर पुन्हा होणं. त्या डॉक्टरांनी आपल्या लेखात स्पष्टच लिहिलं की याला आता योगायोग म्हणता येणार नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्येही ५२ वर्षांच्या एका रुग्णाला दोन्ही डोसांनंतर यकृतदाह झाला. तिथल्या संशोधकांनी त्याच्या बायॉप्सीतल्या पेशी बारकाईने तपासल्या, तेव्हा कोरोनाच्या काट्यासारख्या प्रथिनाला, ज्याला स्पाइक म्हणतात त्याला, ओळखणाऱ्या टी-पेशी थेट यकृतात सापडल्या. लसीने तयार केलेले सैनिक यकृतात शिरलेले होते.

लाखोंच्या नोंदी काय सांगतात

एका रुग्णाच्या गोष्टीवरून ‘होऊ शकतं’ एवढंच कळतं. किती वेळा होतं, हे कळायला ल्यूरमान यांची पद्धत लागते: ज्यांना झालं नाही त्यांनाही मोजा. हाँगकाँगमध्ये लाखो नागरिकांच्या आरोग्यनोंदी तपासून लसीनंतर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो का, हे पाहिलं गेलं. वाढलेला आढळला नाही. उलट प्रत्यक्ष कोविड झाल्यावर तो वाढलेला दिसला. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेच्या सुरक्षा समितीने उपलब्ध पुरावा तपासून सांगितलं की एमआरएनए लसी आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचं त्यातून दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकीकडे इंग्लंडचा तो रुग्ण आणि दुसरीकडे हा निष्कर्ष, खरं काय? दोन्ही. कोट्यवधींमध्ये काही मोजक्या लोकांना खरोखर लसीमुळे यकृतदाह झाला असेल, तर तो एवढ्या मोठ्या आकडेवारीत दिसणारच नाही. समुद्रात तांब्याभर पाणी ओतावं तसं. ‘धोका वाढलेला दिसत नाही’ याचा अर्थ ‘कोणालाच काही झालं नाही’ असा नसतो. आणि ज्याला झालं त्याला “तुमचा भ्रम आहे” असं सांगणं तर साफ चूक.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला १८ देशांचा एकत्रित अभ्यास. लसीनंतर यकृताला इजा झालेले ८७ रुग्ण. त्रास सुरू व्हायला साधारण पंधरा दिवस लागलेले. निम्म्याहून थोड्या अधिक जणांमध्ये प्रतिकारशक्तीने केलेल्या दाहाच्या खुणा होत्या, आणि साधारण निम्म्या रुग्णांना स्टेरॉइड दिलं गेलं. एक सोडून सगळ्यांचं यकृत सुधारलं. त्या एकाला यकृत प्रत्यारोपण करावं लागलं. त्याहून लक्षवेधी बाब पुढे आहे. ज्यांचं स्टेरॉइड पूर्ण बंद केलं अशा १२ जणांपैकी एकालाही अभ्यासाच्या काळात आजार उलटला नाही.

खऱ्या ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये असं सहसा होत नाही. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांचा आजार परत येतो, म्हणून अनेकांना उपचार वर्षानुवर्षं, कित्येकदा जन्मभर चालू ठेवावे लागतात. म्हणूनच आता पुष्कळ तज्ज्ञ लसीनंतरच्या या आजाराला ऑटोइम्यून हिपॅटायटिस न म्हणता ‘प्रतिकारशक्तीमुळे झालेला यकृतदाह’ असं सावध नाव देतात. तुम्हाला वाटेल, नावात काय आहे? बरंच आहे. एका नावात जन्मभराच्या गोळ्या आहेत, दुसऱ्यात कदाचित काही महिन्यांच्या.

गुळवेलीचा काढा

या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे भारतात लसीकरण सुरू होण्याच्या आधी, मुंबईच्या डॉक्टरांना यकृतदाहाचे सहा रुग्ण दिसले. बायॉप्सी आणि रक्ततपासण्यांत ऑटोइम्यूनसारख्या खुणा. समान दुवा होता गुळवेल. ‘इम्युनिटी’ वाढावी म्हणून घराघरांत काढे उकळत होते, ते दिवस आठवा. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. या निष्कर्षांवर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वादही झाला. पण प्रतिकारशक्ती ‘वाढवणारं’ काहीही ज्याची प्रतिकारशक्ती आधीच बेलगाम आहे त्याला देऊ नये, हे मला तरी पटतं.

हे सगळं लसीच्या लेखात कशाला? कारण २०२१ मध्ये लस घेऊन कावीळ झालेल्या माणसाने आदल्या महिन्यात काढाही घेतलेला असण्याची शक्यता आपल्याकडे चांगलीच होती. तापासाठी, सर्दीसाठी औषधं घेतलेली असणार. कोविडही होऊन गेलेला असू शकतो. शिवाय आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारा हिपॅटायटिस ए आणि ई आहेच. हे सारे वगळल्याशिवाय लसीवर बोट ठेवता येत नाही. म्हणून डॉक्टर तुम्हाला “काढा, चूर्ण, जिमची पावडर, काय काय घेता?” असं खोदून विचारतात, तेव्हा लपवू नका. रागावण्यासाठी ते विचारत नसतात.

मग तुम्ही काय करायचं?

कुठल्याही लसीनंतर ताप, अंगदुखी, दंडदुखी एक-दोन दिवस असते, त्याचा यकृताशी संबंध नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, अंगाला विनाकारण खाज सुटली, तर एलएफटी करून घ्या. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन, दंडाला माळ बांधून, ती लांबेपर्यंत वाट पाहू नका. हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बहुतेक वेळा आपोआप ओसरते, म्हणून माळेला यश मिळतं. प्रतिकारशक्तीचा यकृतदाह असेल तर तेच तीन-चार आठवडे हातचे जातात. बोलण्यात गोंधळ, अतिझोप, रक्तस्राव, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

पहिल्या डोसनंतर कावीळ झाली असेल तर त्याच लसीचा पुढचा डोस तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नका. इंग्लंडच्या त्या रुग्णाने हे आपल्याला शिकवलं आहे.

आणि ज्यांना ऑटोइम्यून हिपॅटायटिस आधीपासून आहे, त्यांच्यासाठी सल्ला उलट आहे: लसी टाळू नका. तुम्ही स्टेरॉइड किंवा अझाथायोप्रिन घेत असाल तर फ्लू, न्यूमोनिया, कोविड तुम्हाला जास्त त्रास देतात. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसी, अंगात प्रतिपिंडं नसतील तर, शक्यतो उपचार सुरू होण्याआधीच घ्याव्यात, कारण नंतर त्यांचा प्रभाव कमी पडतो. फक्त जिवंत विषाणू असलेल्या लसी, उदाहरणार्थ कांजिण्यांची किंवा तीच ती पीतज्वराची, या गोळ्या चालू असताना सहसा देत नाहीत. आफ्रिकेत जायचं ठरत असेल तर तिकीट काढण्याआधी विचारा.

शेवटी एक काम सांगतो. घरातली जुनी फाईल काढा. विम्यासाठी, नोकरीसाठी किंवा एखाद्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासणीत एसजीपीटीचा आकडा असेल. लसीच्या आधीच्या त्या रिपोर्टमध्ये तो ३० असेल तर एक गोष्ट कळते, १३० असेल तर वेगळीच कळते. डॉक्टरकडे येताना तो कागद घेऊन या, आणि लसीच्या प्रमाणपत्रावरच्या तारखाही.